फोनो प्रीअँप कार्ट्रिजला जुळवायचा कसा: गेन, कपॅसिटन्स, लोड, सगळं क्रमाने

घरात बाबांच्या नाहीतर आजोबांच्या एलपींचा गठ्ठा निघतो, रविवारी जुन्या बाजारातून अजून चार-पाच उचलल्या जातात, मग नवं टर्नटेबल येतं, आणि महिन्याभरात प्रश्न सुरू होतो की आवाज काहीतरी टोचतोय, कार्ट्रिज (टोनआर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) बदलू का. माझं म्हणणं एवढंच की पंधरा-वीस हजार कार्ट्रिजवर घालायच्या आधी फोनो प्रीअँपच्या, म्हणजे टर्नटेबलचा बारीक सिग्नल अँपसाठी मोठा करणाऱ्या डब्याच्या, मागचे किंवा पोटाखालचे ते बारके स्विच बघा. बहुतेक लोक ते फॅक्टरीतून आले तसेच ठेवतात, आणि मग एकाच कार्ट्रिजला कोणी कर्कश म्हणतं कोणी बद्द म्हणतं, दोघंही आपापल्या घरात खरंच बोलत असतात.

आधी हा डबा करतो काय ते पटकन. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करतात आणि ट्रेबल वाढवतात. बेस पूर्ण ठेवला तर ग्रूव्ह, म्हणजे रेकॉर्डवरची खाच, इतकी रुंद होईल की वीस-बावीस मिनिटांचा ख्याल एका बाजूला मावायचाच नाही, आणि ट्रेबल वाढवून कापला की वाजवताना तो खाली आणता येतो आणि त्याबरोबर खरखरही खाली येते. याचं प्रमाण १९५४ च्या सुमारास आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) या नावाने ठरलं. प्रीअँप त्याच्या बरोबर उलटं करतो, २० हर्ट्झला जवळजवळ १९ डीबी (डेसिबल, पातळीचं माप) वर आणि २० किलोहर्ट्झला साधारण तेवढंच खाली, आणि वर सिग्नल शंभर ते हजार पट मोठा करतो. आरआयएए आपल्या हातात नसतं, ते आत पक्कं बसवलेलं असतं. आपल्या हातात असतं गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते), लोड रेझिस्टन्स (कार्ट्रिजला पुढे दिसणारा विद्युत रोध), लोड कपॅसिटन्स (वायर आणि प्रीअँपची विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि असलाच तर सबसॉनिक फिल्टर.

स्विचला हात लावायच्या आधी

दोष प्रीअँपचा आहे का हे आधी ठरवा, नाहीतर नुसते स्विच खालीवर करत बसाल. एखादी ख्यालाची एलपी लावा, भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी, जे घरात असेल ते, आणि आवाज नेमका कुठे बिघडतो ते ऐका. बाजूच्या सुरुवातीला छान आणि शेवटी द्रुत ताना आल्या की फाटतं, असं असेल तर ते अलाइनमेंटचं (कार्ट्रिज ग्रूव्हशी नीट कोनात बसवण्याचं) किंवा सुईच्या आकाराचं दुखणं आहे. बाहेरच्या कडेला ग्रूव्ह सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, लेबलजवळ तोच वेग २१ च्या आसपास येतो, म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. इथे कुठलाही स्विच कामाचा नाही. पूर्ण रेकॉर्डभर फक्त ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येत असतील तर सुई घाण आहे किंवा तिचं ग्रूव्हवरचं वजन कमी पडतंय. जोरात गायलं की सगळीकडेच फाटतं, हळू भागात ठीक, तर गेन जास्त आहे. आणि काहीच फाटत नाही पण सगळंच टोचरं किंवा सगळंच कांबळ्याखालून आल्यासारखं वाटतंय, तर मात्र लोडिंगकडे, म्हणजे लोड रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सकडे, यायचं.

वजनासाठी ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८, डेनॉन डीएल-१०३ ला २.५. कमी वजन ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा समज घराघरात आहे, तो सोडा. कमी वजनावर सुई ग्रूव्हमध्ये आपटत जाते आणि उलट जास्त खरवडते.

अजून एक, हे फारच लोकांचं होतं. ऑडिओ टेक्निका एलपी१२०एक्स सारख्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच असतो, मागे फोनो आणि लाइन असा स्विच असतो. तो लाइनवर ठेवून बाहेर परत वेगळा प्रीअँप लावला की आरआयएए दोनदा लागतं, डग्गा नुसता घुमतो, वरचं सगळं गायब, आणि सिग्नल इतका मोठा होतो की फाटतोच. बाहेरचा प्रीअँप वापरायचा असेल तर स्विच फोनोवर. अँपला स्वतःचं फोनो इनपुट असेल तर तोही एक प्रीअँपच आहे हे लक्षात ठेवा, बाहेरच्या डब्याची वायर मग ऑक्समध्ये किंवा सीडीत जाते.

आणि ज्यांच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टासारखा जुना पेटीवाला प्लेअर आहे त्यांच्यासाठी: त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, ते शेकडो मिलिव्होल्ट देतं, त्याला फोनो प्रीअँप लागतच नाही. त्याला लागतो खूप जास्त इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला दिसणारा विद्युत रोध), एक मेगाओहमच्या घरातला, नाहीतर बेस पातळ होतो. त्याचं वजनही भारी असतं, चांगल्या एलपी त्यावर लावू नका. पुढचा सगळा लेख मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी आहे, त्याच्या दोन जाती: मूव्हिंग मॅग्नेट, ज्यात सुईबरोबर चुंबक हलतं, आणि मूव्हिंग कॉइल, ज्यात तारेची कॉइल हलते.

पायरी पहिली: कार्ट्रिजची कुंडली

कार्ट्रिजच्या कागदावरून किंवा कंपनीच्या साइटवरून हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून घ्या: आउटपुट किती मिलिव्होल्ट, शिफारस केलेला लोड रेझिस्टन्स, शिफारस केलेला लोड कपॅसिटन्स, कॉइलचा इंडक्टन्स (करंट बदलताना कॉइल करते तो विरोध), आणि मूव्हिंग कॉइल असेल तर अंतर्गत इम्पिडन्स. उदाहरणं देतो म्हणजे अंदाज येईल.

व्हीएम९५ई: ४ मिलिव्होल्ट, ४७ किलोओहम, १०० ते २०० पिकोफॅरड, ५५० मिलिहेन्री. टूएम रेड: ५.५ मिलिव्होल्ट, ४७ किलोओहम, १५० ते ३०० पिकोफॅरड, ७०० मिलिहेन्री. ही दोन्ही मूव्हिंग मॅग्नेट. डीएल-१०३, मूव्हिंग कॉइल: ०.३ मिलिव्होल्ट, अंतर्गत ४० ओहम, लोड १०० ओहमपासून पुढे. डीएल-११०: तेही मूव्हिंग कॉइलच पण हाय आउटपुट, १.६ मिलिव्होल्ट, ४७ किलोओहम. ऑर्टोफॉन क्विंटेट रेड, मूव्हिंग कॉइल: ०.५ मिलिव्होल्ट, अंतर्गत ७ ओहम.

दोन कंपन्यांचे आउटपुटचे आकडे समोरासमोर ठेवताना ते कुठल्या वेगाला मोजलेत ते बघा, बहुतेक ठिकाणी १ किलोहर्ट्झ आणि सेकंदाला ५ सेंटिमीटर असतं पण सगळीकडे नाही.

कॉइलचा रेझिस्टन्स स्वतः मल्टिमीटरने मोजायचा मोह आवरा. मीटरचा करंट मूव्हिंग कॉइलच्या केसासारख्या तारेला झेपेलच असं नाही, आणि कागदावर आकडा आयता लिहिलेला असतो.

पायरी दुसरी: गेन

गणित सोपं आहे. ४० डीबी म्हणजे १०० पट, ६० डीबी म्हणजे १००० पट, आणि दर ६ डीबीला दुप्पट. प्रीअँपमधून बाहेर साधारण ३०० ते ५०० मिलिव्होल्ट यायला हवेत. टूएम रेडचे ५.५ गुणिले १०० म्हणजे ५५० मिलिव्होल्ट, झालं काम, ४० डीबी पुरे. व्हीएम९५ई ला ४०० येतात, तेही बरोबर. डीएल-१०३ ला ४० डीबीवर फक्त ३० मिलिव्होल्ट मिळतील, मग अँपचा व्हॉल्यूम पार तीनच्या काट्यावर न्यावा लागेल आणि सोबत हिस्स येईल, तिथे ६० डीबी पाहिजे, ३०० मिलिव्होल्ट. डीएल-११० मध्येच अडकतं, ४६ ते ४८ डीबी मिळाले तर उत्तम, नसेल तर ४० वर ठेवून व्हॉल्यूम थोडा वर घ्या, ६० वर नेऊ नका.

६० वर का नाही तर हेडरूम, म्हणजे सिग्नल कापला न जाता वर जायला उरलेली जागा. ते ५ सेंटिमीटर नुसतं मोजमापासाठी आहे, प्रत्यक्ष रेकॉर्डमध्ये जोराची जागा आली की वेग त्याच्या चार-पाच पट सहज जातो. टूएम रेडचे ५.५ पाचपट केले की २७ मिलिव्होल्ट, ते १००० पट केले की २७ व्होल्ट. डबा चालतो १२-१५ व्होल्टच्या अडॅप्टरवर, तो २७ व्होल्ट आणणार कुठून, लाट वरून कापली जाते. ऐकताना हे कायम फाटलेलं वाटेलच असं नाही, कधी कधी नुसतंच ‘दमदार’ वाटतं आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. म्हणून माझा नियम असा की दोन गेनमध्ये शंका असेल तर कमीवाला घ्या. अपवाद फक्त तेव्हा, जेव्हा कमी गेनवर सुई उचललेली असतानाही ऐकायच्या जागेवरून हिस्स ऐकू येतो.

बाजारातल्या डब्यांचे टप्पे वेगवेगळे असतात. केंब्रिज ऑडिओच्या ड्युओला मूव्हिंग मॅग्नेटसाठी ३९ आणि मूव्हिंग कॉइलसाठी ६० अशा दोन वेगळ्या इनपुट जोड्या आहेत. आयफायच्या झेन फोनोला ३६, ४८, ६०, ७२ असे चार टप्पे आहेत, तिथे व्हीएम९५ई ला ३६ की ४८ असा प्रश्न येतो, मी ३६ सांगेन, २५० मिलिव्होल्ट येतात, व्हॉल्यूम थोडा जास्त फिरवायचा. स्विच बदलताना अँपचा व्हॉल्यूम शून्यावर किंवा अँप बंदच, नाहीतर जो ठप्प आवाज येतो तो ट्वीटरला नको असतो. खाली डिप स्विच (एका ओळीतले अगदी बारके स्विच) असतील तर टूथपिक वापरा. आणि बऱ्याच डब्यांत डाव्या उजव्या दोन्ही चॅनेलचे वेगळे स्विच असतात, एकच बाजू बदलून ‘स्टेज डावीकडे सरकलं’ म्हणणारे कमी नाहीत.

पायरी तिसरी: मूव्हिंग मॅग्नेट असेल तर कपॅसिटन्स

खरी गंमत इथे आहे, आणि लोक हाच भाग वगळतात. मूव्हिंग मॅग्नेटच्या कॉइलला बराच इंडक्टन्स असतो, तिच्या पुढे वायरचा आणि प्रीअँपचा कपॅसिटन्स आला की दोघांचं मिळून एक रेझोनन्स तयार होतं. त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास आवाज उचलला जातो आणि तिच्या वर धाडकन उतरतो. कपॅसिटन्स वाढवला की हा उंचवटा खाली सरकत ऐकू येण्याच्या पट्ट्यात घुसतो. म्हणून जास्त कपॅसिटन्सचा परिणाम दुहेरी असतो, ‘स’ टोचायला लागतो आणि त्याच वेळी घुंगरांची, तंबोऱ्याच्या जवारीची वरची झळाळी नाहीशी होते. लोक म्हणतात ट्रेबल एकदम जास्तही वाटतो आणि कमीही वाटतो, ते वेडेपणाचं वाटलं तरी बरोबर आहे.

सूत्र: १५९ भागिले वर्गमूळ, वर्गमुळात इंडक्टन्स हेन्रीत गुणिले कपॅसिटन्स पिकोफॅरडमध्ये, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. व्हीएम९५ई चे ०.५५ हेन्री आणि २०० पिकोफॅरड, गुणाकार ११०, वर्गमूळ साडेदहाच्या आसपास, म्हणजे रेझोनन्स १५ किलोहर्ट्झला. तेच ४०० पिकोफॅरड झाले तर पावणेअकरा किलोहर्ट्झ, म्हणजे थेट कानात. टूएम रेडला १५० वर साडेपंधरा आणि २५० वर १२ येतात. यावरून टूएम रेडला २५० चालणारच नाही असं समजू नका, कारण सुईचं स्वतःचं यांत्रिक रेझोनन्सही त्यात मिसळलेलं असतं आणि कंपनी ते दोन्ही धरून शिफारस देते. गणित दिशा दाखवायला, आकडा कंपनीचा पाळायचा.

आता कपॅसिटन्स येतो कुठून. तीन ठिकाणांहून आणि तिघांची बेरीज होते: टोनआर्मच्या आतली तार, साधारण २०-३० पिकोफॅरड, आरसीए वायर, बऱ्यापैकी वायरला मीटरला १०० च्या आसपास, जाडजूड सोनेरी प्लगवाल्या स्वस्त वायरला यापेक्षा बराच जास्त असू शकतो, आणि प्रीअँपचं इनपुट, सहसा १०० ते २२० असतं. आता व्हीएम९५ई घ्या: ३० अधिक १०० अधिक २२०, झाले ३५०, कंपनी म्हणते २०० च्या वर जाऊ नका. दोष कार्ट्रिजचा काय? प्रीअँपला १०० चा टप्पा असेल तर २३० वर येतो, ५० चा असेल तर १८०, बरोबर पट्ट्यात. आर्ट कंपनीच्या डीजे प्री टू या प्रीअँपला १०० आणि २०० असा साधा स्विच आहे, व्हीएम९५ई ला १०० वर ठेवा आणि वायर आखूड घ्या.

वायरचा आकडा माहीत नसेल तर मोजा. साध्या मल्टिमीटरची कपॅसिटन्स रेंज पिकोफॅरडला भरवशाची नसते, एलसी मीटर लागतो, ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळतो, नाहीतर ओळखीच्या कोणा इलेक्ट्रॉनिक्सच्या मास्तरांकडून कॉलेजच्या लॅबमध्ये मोजून घ्या. वायर दोन्हीकडून काढायची, प्लगची मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये मोजायचं. वायर टर्नटेबलला कायमची जोडलेली असेल तर हेडशेल (कार्ट्रिज बसवलेलं टोनआर्मचं टोक) काढून ठेवा आणि आरसीएच्या टोकाला मोजा, मग आर्मची तार त्यातच मोजली जाते. टर्नटेबलमध्ये स्वतःचा प्रीअँप असेल तर त्याच्या स्विचची वायरिंगही यात येते, थोडं जास्त दिसलं तर घाबरू नका.

एक लक्षात ठेवा, कपॅसिटन्स वाढवणं सोपं आहे, कमी करणं अवघड. वाढवायला स्विच आहे, नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीतून १०० पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर आणून प्लगमध्ये सोल्डर करता येतात. स्विच सगळ्यात खालच्या टप्प्यावर आणूनही अजून कमी करायचा तर वायर आखूड करा किंवा कमी कपॅसिटन्सची घ्या, तिसरा रस्ता नाही. म्हणून प्रीअँप टर्नटेबलच्या शेजारी ठेवा आणि लांब वायर प्रीअँपच्या पुढे, अँपकडे जाऊ दे, तिथे कपॅसिटन्सने फरक पडत नाही. दिवाणखान्याच्या एका टोकाला टर्नटेबल, दुसऱ्या टोकाला अँप आणि मध्ये तीन मीटर फोनोची वायर, ही रचना मूव्हिंग मॅग्नेटला मारक आहे.

ग्राडो कंपनीचं कार्ट्रिज असणाऱ्यांनी हा सगळा भाग सोडून दिला तरी चालेल. त्यांच्या साध्या मालिकेचा इंडक्टन्स ४५ मिलिहेन्री एवढाच आहे, ३०० पिकोफॅरड लावले तरी रेझोनन्स ४३ किलोहर्ट्झला जातं, ते आपल्या घरातल्या मांजरालाच ऐकू येईल. ग्राडोची डोकेदुखी वेगळी, शिल्डिंग कमी असल्याने काही टर्नटेबलच्या मोटरचा हम, म्हणजे घूं असा आवाज, ते पकडतात.

रेझिस्टन्स इथे ४७ किलोओहम, आणि सहसा तोच ठेवा. कपॅसिटन्स कमी करायचे सगळे उपाय संपले आणि तरी टोचतंय, तर ३३ किलोओहमच्या आसपास आणून बघा, तो उंचवटा जरा दबतो. स्विच नसेल तर ४७ ला समांतर ११० किलोओहम लावला की बरोबर ३३ होतात, प्लगच्या आत बसतो.

पायरी चौथी: मूव्हिंग कॉइल असेल तर लोड

इथे चित्र उलटं. कॉइलचा इंडक्टन्स इतका किरकोळ असतो की कपॅसिटन्सचा रेझोनन्स ऐकू येण्याच्या खूप वर, शेकडो किलोहर्ट्झमध्ये किंवा त्याहूनही वर जातो. मग ४७ किलोओहमवर काय बिघडतं? तो वरचा उंचवटा मोकाट राहतो आणि काही प्रीअँप त्याने बिथरतात, आवाजात एक काचेसारखी कड येते. लोड कमी केला की तो दबतो.

सुरुवातीचा आकडा अंतर्गत इम्पिडन्सच्या दहापट. क्विंटेट रेडला ७ च्या दहापट ७०, जवळचा टप्पा १०० घ्या. डीएल-१०३ ला ४० च्या दहापट ४००. स्विचवर १००, २२०, ४७०, १००० असले टप्पे असतात, जवळचा निवडा आणि एक पायरी खाली, एक पायरी वर ऐका.

पण लोड कमी केला की आवाजही कमी होतो, आणि इथे सगळे फसतात. डीएल-१०३ ला ४०० ओहमवर ०.८ डीबीचा तोटा आहे, १०० ओहमवर २.९ डीबीचा. १०० वरून ४०० वर गेलं की दोन डीबीने मोठं वाजतं, आणि मोठं वाजलेलं कानाला नेहमीच जास्त ‘खुललेलं’ वाटतं. व्हॉल्यूम परत जुळवून मगच मत द्या. मी तरी डीएल-१०३ ला ४०० च्या जवळ ठेवेन, १०० वर ते सुस्त वाटतं, पण तुमचे स्पीकर आधीच चकचकीत असतील तर १०० ची बाजूही खरी आहे.

प्रीअँपला लोडचे टप्पेच नसतील आणि इनपुट ४७ किलोओहमचं असेल तर समांतर रेझिस्टर लावायचा. ४७ किलोओहमला समांतर १०० ओहम लावला तर लोड ९९.८ येतो, म्हणजे १०० च धरा. पाव वॉटचा, एक टक्क्याचा मेटल फिल्म घ्या, वाय आकाराचा आरसीए स्प्लिटर आणि त्याच्या मोकळ्या टोकात रेझिस्टर भरलेला प्लग, दोन्ही चॅनेलला सारखा. सगळ्या सामानाला एका मिसळीच्या प्लेटपेक्षा फार जास्त लागणार नाहीत.

स्टेपअप ट्रान्सफॉर्मर (मूव्हिंग कॉइलचा सिग्नल प्रीअँपच्या आधीच वाढवणारा) वापरणाऱ्यांनी स्विच विसरून गुणोत्तर बघायचं. १ ला १० असेल तर २० डीबी मिळतात आणि कार्ट्रिजला दिसणारा लोड ४७ हजार भागिले १००, म्हणजे ४७० ओहम. १ ला २० असेल तर २६ डीबी आणि ११७ ओहम. पुढे मूव्हिंग मॅग्नेटचंच इनपुट, ४० डीबी. ट्रान्सफॉर्मर लावून वर ६० डीबीवर ठेवायचं नाही. हाय आउटपुट मूव्हिंग कॉइलला यातलं काहीच नको, त्याला ४७ किलोओहम ठेवा.

सबसॉनिक, मोनो आणि हम

सबसॉनिक फिल्टर साधारण २० हर्ट्झच्या खालचं कापतो. वाकलेल्या रेकॉर्डची लाट सेकंदाला अर्ध्यापासून पाच-सहा वेळा येते, आणि वाड्यातल्या लाकडी तख्तपोशीवर टर्नटेबल असेल तर घरातलं कोणी चाललं तरी सुई डोलते. ओळखायची खूण: रेकॉर्ड वाजताना वूफरचा कोन बघा, आवाज नसतानाही तो हळूहळू आत-बाहेर पोहत असेल तर फिल्टर लावा. अँपची ताकद त्या न ऐकू येणाऱ्या हालचालीत वाया जाते. गणपतीच्या दिवसांत खाली ढोल-ताशा पथक आलं तर मात्र फिल्टर काही करू शकत नाही, सुई उचला आणि गॅलरीत जा.

मोनो स्विच असेल तर साठच्या दशकातल्या मोनो एलपींना तो जरूर दाबा. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसती धूळ आणि खरखर, मोनो केलं की ती बरीचशी एकमेकांत मिटते. फरक चांगलाच कळतो.

हम ५० हर्ट्झचा असेल तर आधी टर्नटेबलची ग्राउंड वायर प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट आहे का बघा. मग प्रीअँप पॉवर अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून आणि वायफाय राउटरपासून दूर सरकवा, ६० डीबीवर एक फूट अंतरानेही फरक पडतो. केबल टीव्हीची वायर त्याच अँपला लागलेली असेल तर ती काढून बघा, दोन ठिकाणांहून अर्थ आला की लूप होतो. जुन्या पेठांमध्ये तीन पिनचं सॉकेट दिसतं पण मागे अर्थिंगच नसतं, ते वायरमनकडून तपासून घ्या. पिन मोडून हम घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, २३० व्होल्टशी खेळ नको.

आता ऐकायचं कसं

एका वेळी एकच गोष्ट बदला. ऐकायला असा तुकडा घ्या ज्यात तंबोरा उघडा आहे, आलापीची पहिली दोन मिनिटं सर्वोत्तम, शिवाय एक हार्मोनियमचा आणि एक तबल्याचा. जवारी ही कपॅसिटन्सची सगळ्यात चांगली परीक्षा आहे, बरोबर सेटिंगवर प्रत्येक तारेचा आवाज उमलत जातो, चुकीच्यावर नुसता जस्ताच्या पत्र्यासारखा झणझणतो किंवा गुणगुणत राहतो. तबल्यावर चाटीचा आवाज आणि डग्ग्याची मींड वेगवेगळी ऐकू यायला हवी. फोनवरच्या साध्या डेसिबल अॅपने दोन्ही सेटिंगचा आवाज सारखा करून घ्या, अॅप अचूक नसलं तरी तुलनेला पुरतं. आणि त्याच दिवशी निकाल लावू नका, रात्री उशिरा ट्रॅफिक थांबल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ऐका.

कानावर भरवसा नसेल तर लॅपटॉप आहे. यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करा, तोच तुकडा प्रत्येक सेटिंगवर, आणि सोबत दोन गाण्यांच्या मधली रिकामी ग्रूव्हही. त्या रिकाम्या जागेची खरखर सगळ्या पट्ट्यात पसरलेली असते, तिचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज याचा आलेख) काढला की १० ते १५ किलोहर्ट्झच्या मधला उंचवटा कपॅसिटन्स बदलल्यावर सरकताना दिसतो. मोजमाप म्हणून ढोबळ आहे, पण दोन सेटिंगमधला फरक खरा की मनाचा हे त्यातून कळतं.

सेटिंग ठरलं की चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या पोटाला लावा, कुठलं कार्ट्रिज, किती गेन, किती पिकोफॅरड, कुठली वायर. वायर बदलली की कपॅसिटन्स बदलतो, तेव्हा ही चिठ्ठी लागते.

७८ वाल्यांसाठी थोडं वेगळं

बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या काळातल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका, ती ग्रूव्ह एलपीपेक्षा बरीच रुंद असते आणि बारीक सुई तळाशी आपटत जाते. व्हीएम९५ च्या बॉडीला ७८ ची एसपी सुई बसते, वजन ५ ग्रॅम ठेवायचं, बॉडी तीच असल्याने लोड आणि कपॅसिटन्सला हात लावायची गरज नाही. प्रश्न आरआयएएचा येतो. त्या बऱ्याच तबकड्या १९५४ च्या आधीच्या, त्यात ट्रेबल वाढवून कापलेलाच नाही, आणि आपला प्रीअँप १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डीबी खाली खेचतो, म्हणून आवाज गोधडीत गेल्यासारखा येतो. ७८ साठी वेगळ्या इक्वलायझेशनचा (बेस-ट्रेबलच्या वेगळ्या प्रमाणाचा) प्रीअँप मिळतो पण महाग. स्वस्तातला उपाय म्हणजे मोनो करून रेकॉर्ड करायचं आणि लॅपटॉपवर ट्रेबल हळूहळू वर आणायचा, आवाज मोकळा होईपर्यंत, आणि खरखर गाण्याच्या वर चढायला लागली की तिथून थोडं मागे यायचं.